मांजराच्या डोळ्यातलं पाणी कसं मोजायचं: शर्मरची पट्टी पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

कुत्र्याचा डोळा कोरडा पडला की तो लपत नाही. कोपऱ्यात हिरवट, चिकट, तार सुटणारी घाण साचते, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, आणि कालच इंटर्नशिपला आलेला मुलगाही शर्मरची पट्टी, म्हणजे डोळ्यातलं पाणी मोजायची टीपकागदाची पट्टी, मागतो. मांजराचं तसं नसतं. कोरड्या डोळ्याचं मांजर बहुतेक वेळा डोळा जरासा बारीक करून बसतं, बुबुळाची चमक किंचित उतरलेली असते, बाकी चिपडं फारशी दिसत नाहीत. घरच्यांना वाटतं, झोपाळलंय. काही महिन्यांनी ‘डॉक्टर, डोळ्यात फूल पडलंय’ म्हणून ते टेबलावर येतं, तेव्हा बुबुळावर पांढुरका डाग किंवा जुनी जखम झालेली असते.

म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगते. मांजराच्या डोळ्याची तक्रार कुठलीही असो, पट्टी लावायचीच. आणि पट्टीवर आलेल्या नुसत्या आकड्यावर, निदान मांजरात तरी, विश्वास ठेवायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या, त्यासाठी हा लेख आहे. तो नवे पशुवैद्य, इंटर्न आणि टेबलापाशी जनावर धरणारे मदतनीस यांच्यासाठी आहे. मांजर पाळणाऱ्यांनी जरूर वाचावा, पण घरी करून बघू नये. कागद चुकीच्या जागी टेकला तर बुबुळ खरचटतं.

मोजतो ते नेमकं काय

डोळ्यावरच्या पातळ थरात तीन गोष्टी एकत्र नांदत असतात. सगळ्यात वर तेलकट भाग, जो पापण्यांच्या काठावरच्या मायबोमियन ग्रंथींतून येतो आणि पाणी उडून जाऊ देत नाही. मधे पाणी. आणि बुबुळाला लागून असलेला बुळबुळीत म्युसिनचा भाग, जो पाण्याला बुबुळावर धरून ठेवतो. आपली पट्टी यातलं फक्त पाणी मोजते. तेल कमी पडलंय की म्युसिन कमी पडलंय, हे तिला कळत नाही. हे आत्ताच नीट लक्षात ठेवा, कारण मांजरात पुढे यावरूनच गफलत होते.

पाणी दोन ठिकाणांहून येतं: डोळ्याच्या वर बाहेरच्या बाजूला असलेली अश्रुग्रंथी आणि तिसऱ्या पापणीच्या बुडाशी असलेली छोटी ग्रंथी. कुत्र्यांत ही दुसरी ग्रंथी एकूण पाण्याचा एक तृतीयांश ते जवळपास निम्मा वाटा उचलते. ती बाहेर आली की लाल मण्यासारखी दिसते, चेरी आय म्हणतात ते हेच. ‘लाल गाठ आहे, कापून टाका’ असा आग्रह घरच्यांकडून होतो. ती कापायची नसते, आत बसवून शिवायची असते. ग्रंथी कापलेली कुत्री काही वर्षांनी कोरडे डोळे घेऊन परत येतात, आणि तेव्हा गेलेली ग्रंथी आणून देता येत नाही.

चाचणीला नाव आहे ऑटो शर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाचं. १९०३ मध्ये त्याने माणसांसाठी टीपकागदाची पट्टी वापरून ही पद्धत मांडली. माणसांत पट्टी ५ मिनिटं ठेवतात. जनावरांत १ मिनिट. हा फरक विसरून एका हौशी मदतनिसाने कुत्र्याच्या डोळ्यात ५ मिनिटं पट्टी ठेवलेली मी पाहिली आहे. आकडा तर निरुपयोगी होताच, डोळाही लाल झाला होता.

सामान

पट्ट्या माणसांच्या डोळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, जनावरांसाठी वेगळ्या असाव्या लागत नाहीत. पट्टी ५ मिलीमीटर रुंद आणि साधारण ३५ मिलीमीटर लांब असते, एका टोकाशी खाच असते. काहींवर मिलीमीटरच्या रेघा आणि निळ्या रंगाची पट्टी छापलेली असते. पाणी जसं पुढे सरकतं तसा निळा रंग सोबत ओढला जातो, त्यामुळे वाचायला फार सोपं जातं. अशाच घ्या. एकच सवय ठेवा: दवाखान्यात एकाच कंपनीच्या पट्ट्या वापरा. कागद बदलला की पाणी शोषण्याचा वेग बदलतो, मग मागच्या महिन्याच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून बघता येत नाही.

सोबत सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइल, कोरडा कापूस, आणि एक जाडसर टॉवेल. बस.

सगळ्यात आधी ही चाचणी, बाकी सगळं नंतर

नवीन माणसाकडून सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डोळा बघायचा म्हटलं की हात आपोआप टॉर्चकडे, नाहीतर ड्रॉप्सच्या बाटलीकडे जातो. थांबा. डोळ्यात एकही थेंब पडण्याआधी, झगझगीत उजेड टाकण्याआधी, कापसाने घासून पुसण्याआधी, डोळ्याचा दाब मोजण्याआधी पट्टी लावायची. बधिर करणारा ड्रॉप आधी घातला तर डोळा कागदाला प्रतिसादच देत नाही आणि आकडा खाली येतो. तशीही चाचणी असते, शर्मर दोन म्हणतात, ती डोळ्याचं मूळचं, टोचणीशिवाय येणारं पाणी बघण्यासाठी. पण रोजच्या कामात आपल्याला शर्मर एक हवी असते, ज्यात कागद टोचल्यामुळे आलेलं पाणीही धरलेलं असतं. फ्लुरोसीन (डोळा तपासायचा चमकणारा रंग) किंवा सलाईन आधी घातलं तर उलट होतं, आपण आपलंच घातलेलं पाणी मोजतो.

औषधांचंही विचारून घ्या. अ‍ॅट्रोपिनने पाणी कमी होतं. बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड घातलं असेल तर मांजरात एका डोळ्यात घातलेल्या थेंबानेही दोन्ही डोळ्यांचं पाणी काही काळ उतरतं. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर त्या दिवशीचा आकडा सोडून द्या. पूर्ण भुलीनंतर कुत्र्यांत हा परिणाम २४ तासांपर्यंत राहू शकतो. जाता जाता सांगते, भटक्या मांजरांच्या नसबंदीच्या दिवशी केटामिनखाली मांजरांचे डोळे उघडेच राहतात, त्यात पाणीही कमी झालेलं असतं. भूल चढली की लगेच प्रत्येक डोळ्यात मलम घाला. शस्त्रक्रिया १० मिनिटांची असली तरी घाला. घाईत हेच राहून जातं.

मांजर शांत करणं हाही चाचणीचाच भाग

घाबरलेल्या मांजराचं पाणी आटतं. भीतीने शरीराची लढा-किंवा-पळा अशी यंत्रणा जागी होते आणि अश्रुग्रंथीकडे जाणारी आज्ञा दबते. बाहेर तीन कुत्री भुंकताहेत, मांजर रिक्षातून धक्के खात आलंय, आणि आत आल्या आल्या कोणीतरी मानेची कातडी धरून टेबलावर दाबलंय, अशा वेळी आलेला आकडा त्या भीतीचा आहे, डोळ्याचा नाही.

बास्केट थेट खोलीत घ्या, उंचावर ठेवा, वरून टॉवेल टाका आणि १० मिनिटं त्याला हात लावू नका. तोवर घरच्यांशी बोला. पंख्याचा झोत टेबलावर येत असेल तर बंद करा. मग झाकण वरून उघडून मांजराला खालच्या अर्ध्या बास्केटमध्येच राहू द्या. बहुतेक मांजरं तशीच बसून चाचणी करून घेतात. ज्या काकूंचं किंवा दादांचं मांजर आहे त्यांना समोर उभं करा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. मदतनिसाने दोन्ही हात खांद्यांभोवती हलके ठेवावेत, गळा दाबू नये. गळ्यावर दाब आला की डोळ्यातही दाब वाढतो, आणि बुबुळावर खोल जखम असेल तर त्या दाबाने ती फुटू शकते.

पट्टी लावताना

पाकीट फाडण्याआधीच पट्टी खाचेपाशी दुमडा. पट्टी आत असताना बाहेरूनच बोटाने दाबून दुमडता येते. हे यासाठी की दुमडलेल्या टोकाला बोट लागू नये. बोटाचं तेल लागलं तर कागद तिथे पाणी शोषत नाही. मग पाकीट उलट्या टोकाने फाडा आणि पट्टी लांब बाजूने धरा.

आता डाव्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली आणि बाहेर ओढा. पापणी आणि बुबुळ यांच्यामध्ये जी छोटी खोबण दिसते, तिच्या बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या तिसऱ्या भागात पट्टीचं दुमडलेलं टोक अडकवा. नाकाकडे नको, तिथे तिसरी पापणी असते आणि पट्टी तिच्या मागे गेली तर ती भलतंच मोजते. कागद बुबुळाला टेकला पाहिजे, त्याशिवाय डोळ्याला टोचणी जाणवत नाही. पट्टी बसली की त्याच क्षणी वेळ सुरू करा.

मांजर डोळा मिचकावतं आणि पट्टी उडून पडते, हे पहिल्या दहा-पंधरा वेळा होणारच. उपाय सोपा आहे: पट्टी बसल्यावर वरची पापणी बोटाने अलगद खाली आणून डोळा मिटलेला धरा. दाबायचं नाही, नुसता आधार. पट्टी मधेच पडली तर ‘आधीची ३० सेकंदं अधिक आत्ताची ३०’ असा हिशेब करू नका. नवी पट्टी घ्या आणि थोडं थांबून पुन्हा करा.

बरोबर ६० सेकंदांनी पट्टी काढा आणि लगेच वाचा. टेबलावर ठेवून नंतर वाचायची नाही, कारण ओल कागदात पुढे सरकतच राहते. खाचेपासून ओली झालेली लांबी मिलीमीटरमध्ये मोजायची. ओलीची कड तिरकी असेल तर मधला बिंदू धरा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे नेहमी मोजायचे, तक्रार एकाच डोळ्याची असली तरी.

आकडा वाचताना

कुत्र्यात हिशेब बराच सरळ आहे. मिनिटाला १५ मिलीमीटर किंवा जास्त म्हणजे ठीक. १० ते १४ म्हणजे संशय, काही दिवसांनी पुन्हा. १० च्या खाली आणि डोळ्यात चिपडं, लाली असेल तर कोरडा डोळा धरायचा. ५ किंवा कमी म्हणजे गंभीर. कॉकर, पग, शिह त्झू, ल्हासा, बुलडॉग ही मंडळी या आजाराची नेहमीची गिऱ्हाइकं, यांच्यात तक्रार नसतानाही वर्षातून एकदा पट्टी लावावी असं माझं मत आहे. आणि सल्फा औषधं देताना कुत्र्याचा आकडा आधी घेऊन ठेवा. ही औषधं अश्रुग्रंथीला इजा करू शकतात, आणि आधीचा आकडा नसेल तर घसरण कळायची कशी?

मांजरात निरोगी सरासरी साधारण १४ ते १७ मिलीमीटरची मिळते, पण पसारा प्रचंड आहे. डोळे अगदी ठणठणीत असलेल्या मांजरात ३ मिलीमीटरही येतात आणि ३० च्या वरही जातात. त्यामुळे कुत्र्याची १५ ची रेघ मांजराला लावायची नाही.

ही रेघ मी लावली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक पांढरी पर्शियन आली होती, गर्दीच्या ओपीडीत, शेजारी एक भलामोठा रॉटवायलर. दोन्ही डोळ्यांत ४ मिलीमीटर आले. मी कोरडा डोळा लिहून मोकळी झाले आणि दिवसातून तीनदा मलम सांगितलं. काकू नेमाने घालत राहिल्या. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, ‘आता मी जवळ गेले की ती खाटेखाली जाऊन बसते, माझ्याकडे येतच नाही.’ मी त्यांच्या घरी गेले, मांजर त्यांच्या मांडीवर असताना पट्टी लावली. १५ आणि १६. डोळे पहिल्या दिवशीही चकचकीत होते, मी ते पाहिलं होतं आणि आकड्यापुढे मानलं नव्हतं. त्या मांजराचा आणि काकूंचा दोन महिन्यांचा विश्वास माझ्या चुकीने गेला, ते मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून मांजरात कमी आकडा आला की मी तीन प्रश्न विचारते. बुबुळ निस्तेज दिसतंय का, आरशासारखं प्रतिबिंब तुटक येतंय का? डोळा लाल, सुजलेला किंवा मिटलेला आहे का? आणि दोन डोळ्यांत मोठा फरक आहे का? भीती दोन्ही डोळ्यांचं पाणी आटवते. एका डोळ्यात ३ आणि दुसऱ्यात १४ आलं तर ते घाबरण्याने नाही, त्या ३ च्या डोळ्यात काहीतरी बिघडलंय. त्याच बाजूची नाकपुडी कोरडी, खपली धरलेली आहे का तेही बघा. तशी असेल तर पाणी सोडायची आज्ञा नेणारी नसच दुखावलेली असू शकते, आणि मग कान तपासल्याशिवाय मांजराला घरी पाठवू नका, कारण ती नस मधल्या कानाच्या शेजारून जाते.

तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर मी काहीही औषध न देता आठवड्याने पुन्हा बोलावते, शक्यतो गर्दी नसलेल्या वेळेला.

आकडा चांगला, तरी डोळा कोरडा

ही उलटी बाजू, आणि मांजरात ती फार महत्त्वाची. मांजरांच्या सर्दीचा हर्पिस विषाणू डोळ्याच्या अस्तरातल्या म्युसिन बनवणाऱ्या पेशींना मारतो. पाणी भरपूर येतं, पट्टी १८ दाखवते, पण ते बुबुळावर टिकतच नाही. लहानपणी डोळे चिकटलेलं, रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू मोठेपणी सतत डोळे बारीक करतं, तेव्हा हे डोक्यात असू द्या.

यासाठी पट्टीनंतर फ्लुरोसीनचा थेंब टाका, डोळा एकदा मिटवून उघडा धरा आणि निळ्या उजेडात सेकंद मोजा. हिरव्या थरात पहिला काळा ठिपका दिसेपर्यंतचा वेळ निरोगी मांजरात १५ सेकंदांच्या पुढेमागे असतो. ४-५ सेकंदांत थर फाटत असेल तर पट्टीवर कितीही चांगला आकडा असो, हा डोळा कोरडा आहे. त्याच फ्लुरोसीनने बुबुळावरची जखमही दिसते. जखमेची जागा हिरवी उरते.

जखम आहे का हे बघितल्याशिवाय स्टेरॉइड असलेला ड्रॉप कधीही देऊ नका. मेडिकलमधून आणलेले माणसांचे ‘डोळे आल्यावरचे’ ड्रॉप्स घरचे परस्पर घालतात, त्यातल्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं. जखमेवर ते पडलं तर बुबुळ विरघळत जातं, आणि हर्पिस असेल तर तोही उसळतो. घरच्यांना बाटलीचा फोटो मोबाइलवर दाखवायला सांगा, नाव तोंडी सांगताना हमखास चुकतं.

बाकीची जनावरं

सशाला कुत्र्याचे आकडे लावू नका. निरोगी सशात सरासरी ५ मिलीमीटरच्या आसपास येते, काहींत तर जवळपास काहीच येत नाही. गिनी पिगमध्ये शून्य ते एखादा मिलीमीटर, म्हणजे पट्टी तिथे कामाचीच नाही. अशा छोट्या जनावरांसाठी फिनॉल रेड धागा वापरतात. पिवळा सुती धागा असतो, टोकाचे ३ मिलीमीटर दुमडून खालच्या पापणीत अडकवायचे आणि १५ सेकंदांनी काढायचा. अश्रूंनी ओला झालेला भाग लाल होतो. मांजरातही धागा चांगला चालतो, कारण तो टोचत नाही आणि १५ सेकंद कुठलंही मांजर बसतं. मांजरात सरासरी २३ मिलीमीटर, कुत्र्यात ३४ च्या आसपास. धाग्याचा आकडा पट्टीच्या आकड्याशी ताडायचा नाही, दोन्ही मापं वेगळी आहेत.

घोड्याची गोष्ट सशाच्या उलट. पाणी इतकं येतं की मिनिट संपायच्या आत पट्टी पूर्ण भिजते, म्हणून ३० सेकंदांनाही वाचतात. सापाला हे सगळं लागूच नाही, त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवल्याचं झाकण असतं.

केसपेपरवर काय लिहायचं

फक्त ‘शर्मर: कमी’ असं लिहिलेले कागद माझ्याकडे दुसऱ्या दवाखान्यांतून येतात. त्यांचा पुढच्या माणसाला काहीही उपयोग नसतो. मी असं लिहिते: ‘शर्मर एक, उजवा ९, डावा १३ मिमी प्रति मिनिट, सकाळी ११, निळ्या रेघेची पट्टी, मांजर बास्केटमध्ये, कान मागे, श्वास जलद, आधी कोणताही ड्रॉप नाही.’ दुसऱ्या भेटीला तीच वेळ, तीच पट्टी, शक्य असेल तर तोच मदतनीस. आणि ‘कान मागे’ हे शब्द गाळू नका. सहा महिन्यांनी तोच कागद दुसऱ्या डॉक्टरच्या हातात जाईल, तेव्हा ९ हा आकडा कसा घ्यायचा हे त्याला त्या दोन शब्दांवरूनच ठरवायचं असतं.